तिवराची मुळं आणि जर्नलमधली झालर

वेंगुर्ल्याला गेलो ते माझ्या भाचीच्या हट्टापायी. एमबीबीएसचं पहिलं वर्ष, गुरुवारी हिस्टॉलॉजीची, म्हणजे ऊतींच्या सूक्ष्म रचनेची, व्हायव्हा (तोंडी परीक्षा), आणि बाईसाहेबांना शनिवार-रविवार समुद्र हवा. "मावशी, तू चल. तू असलीस की आई नाही म्हणत नाही." मी बावीस वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला आलेल्या ऊतींचे पॅराफिनच्या मेणात बसवलेले ठोकळे कापतेय. त्यामुळे माझ्याबरोबरची सहल म्हणजे बहिणीच्या लेखी अभ्यासच.

कोकणकन्येनं कुडाळला उतरलो, तिथून मठमार्गे एसटी. एसटीत पायाशी सुक्या बांगड्यांचं पोतं होतं, बाकी काही सांगण्यासारखं नाही.

संध्याकाळी उतरलो होतो त्या घराच्या ओटीवर भाचीनं जर्नल उघडलं. गुलाबी आणि जांभळी पेन्सिल, सगळ्या फर्स्ट इयरवाल्यांकडे असते तीच जोडी. लहान आतड्याचं अस्तर काढलं होतं. एका उंचीची, एका मापाची बोटं ओळीनं उभी, म्हणजे व्हिलाय. खाली टेस्ट ट्यूबसारख्या खोबणी, म्हणजे क्रिप्ट. अगदी लग्नाच्या मांडवाची झालर. मग तिनं मोबाइलवर कॉलेजच्या स्लाइडचा फोटो दाखवला. त्यात दोन-तीनच बोटं धड होती. बाकी नुसते गोळे, पांढऱ्या जागेत तरंगणारे.

"हे कुठून आले? पुस्तकात तर नाहीत."

मी सांगून पाहिलं. आतडं आतून मखमलीसारखं असतं, त्यातलं एकेक बोट जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर. त्याची आपण चार-पाच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या चार-पाच हजारांश, जाडीची चकती काढतो. सुरी उभी गेली तर बोट अख्खं दिसतं, आडवी गेली तर गोल. घरच्या काकूंकडून काकडी मागून घेतली आणि उभी-तिरपी चिरूनही दाखवली. भाचीनं काकडी खाल्ली.

सकाळी मांडवी खाडीवर गेलो. तिथे बचत गटातल्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. ओहोटी संपून पाणी नुकतंच चढायला लागलं होतं. वल्हं मारणाऱ्या काकी साठीच्या पुढच्या असाव्यात. भाचीनं एक पाय होडीबाहेर सोडला तशा म्हणाल्या, "पाय भायर काढू नको गो बाय, ता चिखल ढोपरापर्यंत ओढता."

त्या चिखलातच तिवराची मुळं उभी होती. खालून वर आलेली, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर उंच, हजारोंनी. "ती झाडाची नाकां," काकी म्हणाल्या. "पाणी इला काय बुडतत, गेला काय श्वास घेतत." मुळांच्या मधल्या चिखलात खेकड्यांची बिळं होती, प्रत्येक बीळ गोल आणि आत काळोख.

माझं लक्ष गेलं ते पाण्याच्या रेषेवर. काठ उतरता होता. वरच्या बाजूला मुळं बुडापासून टोकापर्यंत दिसत होती. थोडं खाली अर्धी. आणि होडीजवळ, पाणी चढलेल्या भागात, नुसती टोकं: पाण्यात तरंगणारे गोल ठिपके. पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे सुरीच. मी भाचीला कोपरानं ढोसलं आणि गप्प बसले. दोन मिनिटांनी ती म्हणाली, "मावशी, ते गोळे म्हणजे बुडलेली बोटं!"

मग तिला बिळं दाखवली. स्लाइडवर गोल दोन तऱ्हेचे असतात आणि व्हायव्हात हमखास गल्लत तिथेच होते. व्हिलस, म्हणजे व्हिलायमधलं एक बोट, आडवा कापला तर मुळासारखा: मधे मांस, पेशींची रांग कडेनं, मोकळी जागा बाहेर. क्रिप्ट आडवं कापलं तर बिळासारखं: मोकळी जागा मधे, पेशी तिच्याभोवती, आणि बाहेर सगळा चिखल, म्हणजे पेशींना आधार देणारी सैल ऊती, लॅमिना प्रोप्रिया. चिखलाला हे नाव भाचीला फारच आवडलं.

या क्रिप्टना ज्याचं नाव आहे त्या बर्लिनच्या लीबरक्यूननं १७४५ मध्ये व्हिलायवर प्रबंध लिहिला. आजच्यासारख्या पातळ चकत्या कापायची यंत्रं तेव्हा नव्हती. तो रक्तवाहिन्यांमध्ये मेण भरायचा आणि अख्खं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. म्हणजे त्यानं हे रान पाहिलं. आम्ही पाहतो ते रानाचे काप.

त्यावरून माझी एक जुनी जखम. एका मुलाची बायोप्सी आली होती, लोक ढोबळपणे गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सीलिएक आजार असल्याचा संशय. तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. मी तो मेणात जरा कलता बसवला. स्लाइडवर व्हिलाय बुटके, बोथट दिसले, म्हणजे अगदी सीलिएकमध्ये दिसतात तसे. आमच्या डॉक्टरांनी मात्र क्रिप्टकडे पाहिलं. ती सगळी गोल कापलेली होती, एकही उभं नाही. "ठोकळा वितळवा, तुकडा सरळ करा." सरळ केल्यावर व्हिलाय क्रिप्टच्या तिप्पट उंच निघाले. माझ्या हाताच्या त्या कलण्यानं त्या पोराची पोळी जन्मभरासाठी बंद झाली असती. हे मी लॅबमध्ये नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, घरी पहिल्यांदाच सांगितलं.

उपमा फार ताणायची नाही हेही खरं. मूळ हवा घेतं. व्हिलस अन्नरस घेतो, आत केशवाहिन्यांचं जाळं आणि मधोमध चरबी उचलणारी लॅक्टील नावाची नळी. मूळ ठोंब्यासारखं उभं. व्हिलसमध्ये स्नायूंचे धागे असतात, तो आखडतो, डुलतो. आणि मूळ नागडं, तर व्हिलसवरच्या एकेका शोषक पेशीवर पुन्हा हजारो मायक्रोव्हिलाय, म्हणजे त्याहून कितीतरी बारीक बोटं. एवढ्या घड्यांनी आतड्याचं क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढं होतं असं भाचीनं घोकलं होतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा ते सुमारे ३० चौरस मीटर भरलं. म्हणजे मुंबईतल्या वन रूम किचनएवढं.

परतताना एका बिळाच्या तोंडाशी तांबूस खेकडा आला, एक नांगी भलीमोठी. भाची ओरडली, "पॅनेथ सेल!" चुकली नव्हती. क्रिप्टच्या अगदी तळाशी लालभडक कणांनी भरलेल्या पेशी असतात त्या पॅनेथ, जंतूंना मारणारी रसायनं सोडणाऱ्या. त्यांच्या शेजारीच स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या पेशी. तिथे नवी पेशी जन्मते, सरकत सरकत व्हिलसच्या टोकाला जाते आणि तीन ते पाच दिवसांत गळून पडते.

दुपारी काकू परसात बांगडे साफ करत होत्या. जठर संपून आतडं सुरू होतं तिथे बारीक धाग्यांचा झुपका निघाला. ते पायलोरिक सीका, एका बाजूनं बंद असलेल्या नळ्या. अस्तर वाढवायची माशाची वेगळी तऱ्हा. मी वाकून बघत बसले तर काकू म्हणाल्या, "ता काय खातत नाय."

तिखल्यावर ताव मारताना भाचीनं बोटांवर हिशोब केला. "आज रविवार. हा बांगडा ज्या पेशी शोषतायत, त्या गुरुवारी व्हायव्हाला माझ्याकडे नसतील बहुतेक."

"उत्तरं राहिली म्हणजे झालं."

रात्री गाडीत वरच्या बर्थवर तिनं झालर खोडून चित्र नव्यानं काढलं. दोन बोटं उभी, एक तिरपं, तीन गोळे मोकळ्या जागेत, खाली चार बिळं. शेवटच्या बिळात गुलाबी पेन्सिलीनं खेकडा, नांगीसकट. पनवेल येईपर्यंत ती तो रबरानं घासत होती. कागद झिजला, नांगी तेवढी राहिली.