हा मालक तुम्हाला पटतो का?

"आयुष्यभर टाइम ऑफिसात लोकांचे तास मोजलेत, आणि तो द्राक्षमळ्याचा मालक तुम्हाला पटतो?" ठाण्यातल्या आमच्या बायबल वाचन गटात नवीन कुणी आलं की हा प्रश्न येतोच. वागळे इस्टेटमधले माझे जुने सहकारी, ज्यांनी बायबल कधी उघडलेलं नाही, तेही गोष्ट ऐकून हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

गोष्ट येशूनं सांगितलेली, मत्तयच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात), २०व्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे. बाकीच्या तीन शुभवर्तमानांत ती नाही. मळ्याचा मालक पहाटे चौकातून मजूर आणतो, दिवसाचा एक दीनार ठरवून. मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचच्या सुमाराला पुन्हा जातो आणि उभे असतील त्यांना कामाला लावतो. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकेक दीनार. पहाटेपासून उन्हात राबलेले चिडतात.

मस्टर समोर ठेवलं तर त्यांचं बरोबरच आहे. जास्त वेळ तर जास्त पैसे, आणि जादा तासांना दुप्पट दर, हे १९४८ च्या कारखाने कायद्यात होतं. मी त्याच हिशेबावर जगलो.

पण उतारा सावकाश वाचला की कळतं, रकमेचा करार फक्त पहिल्या तुकडीशी झालाय. मधल्यांना "योग्य ते देईन" एवढंच सांगितलंय. पाच वाजता आलेल्यांशी तर पैशाचं बोलणंच नाही. "तुम्हीही जा" म्हटलं आणि ते गेले. (नंतरच्या काही हस्तलिखितांत तिथंही "योग्य ते मिळेल" अशी भर पडली आहे. नक्कल करणाऱ्यालाही राहवलं नसावं.)

मालक त्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर घेतलं नाही. प्रवचनांत या लोकांना सर्रास आळशी ठरवतात, उताऱ्यात तसं काही नाही. ठाण्यातल्या कुठल्याही मजूर नाक्यावर सकाळी जाऊन बघा. मुकादम येतो, धडधाकट पोरं निवडून टेम्पोत घालतो. उशिरापर्यंत उरतात ती पिकल्या केसांची माणसं, अंगानं किरकोळ, नाहीतर लेकरू कडेवर असलेली बाई. आळशी माणूस केव्हाच घरी गेलेला असतो.

आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, घरातल्या चुलीपुरती. बायबलच्या जुन्या करारातल्या मोशेच्या नियमशास्त्रात मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्या असं सांगितलंय, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यात अडकलेला असतो. तासाप्रमाणे मोजून दीनारचा बारावा हिस्सा दिला असता तर हिशेब चोख झाला असता, पोरं उपाशी झोपली असती.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडते ती वाटपाची पद्धत. मालक कारभाऱ्याला सांगतो, शेवटच्यांपासून सुरू कर. पहिल्यांना आधी देऊन मोकळं केलं असतं तर ते खुशीत घरी गेले असते, कुणाला कळलंही नसतं. मी पाकिटं वाटायचो तेव्हा असला क्रम कधी लावला नसता! इथं मुद्दाम सगळ्यांदेखत होतं आणि मग खरी तक्रार बाहेर पडते: तुम्ही यांना आमच्या बरोबरीचं केलंत. आम्हाला कमी दिलं, असं ते म्हणत नाहीत. युनियनच्या गेट मीटिंगला कंत्राटी कामगारांचा विषय निघाला की आमच्या परमनंट लोकांचा सूर हाच असायचा. मशीन तेच, शिफ्ट तीच.

येशू हे कुणाला सांगतोय तेही बघा. आधीच्याच अध्यायात त्याचा शिष्य पेत्र विचारतो, आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार? गोष्टीनंतर थोड्याच ओळींत जब्दीच्या मुलांची, म्हणजे आणखी दोन शिष्यांची, आई त्यांच्यासाठी येशूच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागायला येते. सीनिऑरिटी लिस्ट तिथंही होती.

इरेनियससारख्या जुन्या धर्मपंडितांनी या तासांचा अर्थ इतिहासातले कालखंड असा लावला. मला ती पळवाट वाटते. गोष्ट मजुरीची आहे, मजुरीचीच राहू द्यावी. इंग्रज लेखक जॉन रस्किननं ती तशी घेतली, आपल्या अर्थशास्त्रावरच्या पुस्तकाचं नाव, 'अन्टू धिस लास्ट', याच उताऱ्यातून उचललं. गांधीजींनी ते १९०४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आगगाडीत वाचलं, आणि १९०८ मध्ये त्याचं सार गुजरातीत लिहिलं त्याला नाव दिलं 'सर्वोदय'.

मी एकदा गटात शंका काढली: दुसऱ्या दिवशी पहाटे येणार कोण? सगळे पाचलाच येतील. सेंट्रिंगचं काम करणारा एक तरुण म्हणाला, "अंकल, पाचला मालक परत येईल हे त्यांना कुठं माहीत होतं? घरात दाणा नसताना त्या भरवशावर कोण झोपून राहील?"

तर हिशेब मला पटला. मालकाचं एक वाक्य अजून पटत नाही: माझ्या पैशाचं मी वाटेल ते करू नये का? हेच वाक्य मी पैसे कापणाऱ्या कंत्राटदारांच्या तोंडूनही ऐकलंय. हा मालक भला निघाला, पण उद्या दुसरा आला तर? काम मिळणं कुणाच्या भलेपणावर टांगलेलं नसावं म्हणून महाराष्ट्रानं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. तोही मुख्यतः ग्रामीण भागासाठी. ठाण्याच्या नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा आधार नाही.