निबंधाच्या तासाला गूगल डॉक्स: आधी गुणांची वाटणी बदला

निबंध वहीऐवजी गूगल डॉक्समध्ये लिहून घेतला म्हणजे लेखनाचा अभ्यासक्रम बदलला, असं होत नाही. आठ विषय, आठ निबंध आणि प्रत्येकाखाली लाल शाईत 'बरा' हा शिरस्ता तसाच ठेवला, तर मुलं पूर्वी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या गाइडातून उतरवायची, ती आता चॅटजीपीटीतून उतरवतील. या सॉफ्टवेअरचा खरा फायदा एवढाच, की लेखन कसं घडत गेलं ते दिसतं. मग गुणही त्यालाच हवेत.

महाविद्यालयातल्या एईसीचा, म्हणजे 'ॲबिलिटी एन्हान्समेंट कोर्स'चा, २ श्रेयांकांचा पेपर म्हणजे ३० तास. त्यात तीन निबंध पुरेत. प्रत्येकाचे तीन मसुदे. ६० जणांचा वर्ग धरला आणि शिक्षकाने फक्त दुसरा मसुदा नीट वाचला, दर मसुद्याला १० मिनिटं, तर सत्रभरात ३० तास वाचन होतं. तिन्ही मसुदे तसेच वाचायचे म्हटलं तर ९० तास, आणि ते कोणाच्याच्याने निभत नाही. त्यामुळे पहिला मसुदा वर्गमित्रांनी वाचायचा, तिसऱ्यावर शिक्षकाने नजर फिरवायची. शिवाय २० जणांचे तीन गट करून तारखा एकेका आठवड्याने पुढे ठेवाव्यात, नाहीतर सगळं एकाच रविवारी अंगावर येतं.

विषय असे द्या, की मुलाला बाहेर जाऊन बघावं लागेल. 'पावसाळ्यातील एक दिवस' बाद. महात्मा फुले मंडईतल्या एका गाळ्याचं तासाभराचं निरीक्षण, किंवा घराजवळच्या बसथांब्याबद्दल पीएमपीएमएलला, म्हणजे पुण्याच्या बससेवेला, अर्ज. अर्जात बसचा क्रमांक आणि थांब्यावर स्वतः टिपलेल्या वेळा हव्यात.

आता गूगल क्लासरूमची मांडणी. असाइनमेंटला कोरा डॉक जोडताना 'मेक अ कॉपी फॉर ईच स्टुडंट' निवडा. त्यामुळे शिक्षकाला प्रत्येक प्रतीत संपादनाचा हक्क मिळतो, आणि तो हक्क असल्याशिवाय व्हर्जन हिस्टरी, म्हणजे मजकुरात केव्हा काय बदललं याची नोंद, दिसत नाही. मुलाने आपली प्रत गटातल्या दोघांना 'कमेंटर' म्हणून, महाविद्यालयाच्या ईमेलवरच शेअर करायची. 'एडिटर' केलं की मित्र सल्ला देण्याऐवजी वाक्यंच बदलून टाकतो. 'लिंक असलेला कोणीही' असं शेअर केलं, तर कोणी लिहिलं ते कळायला मार्ग उरत नाही. आणि हमखास चुकणारी गोष्ट: एकदा 'टर्न इन' दाबून काम जमा केलं की, ते परत मागे घेतल्याशिवाय मुलाला त्या प्रतीत काही बदलता येत नाही. त्यामुळे मित्रांचे शेरे आणि त्यावरची दुरुस्ती, दोन्ही त्याआधीच उरकायला हवं.

प्रत्येक मसुदा संपला की फाइल मेनूतून त्या आवृत्तीला 'मसुदा १', 'मसुदा २' असं नाव द्यायला लावा. गूगल जुन्या आवृत्त्या कधीकधी एकत्र करून टाकतं. नाव दिलेली आवृत्ती सापडते.

मित्रांचे शेरे ही सगळ्यात कच्ची बाजू. मोकळं सोडलं तर 'छान लिहिलंयस' एवढंच येतं. तीन कामं ठरवून द्या: लेखकाचं म्हणणं एका वाक्यात सांगणं, जिथे पुरावा नाही असं एक वाक्य निवडून त्यावर शेरा, आणि एक प्रश्न. पहिल्या मसुद्यावर शुद्धलेखनाचा शेरा चालणार नाही, हे आधीच सांगा. फोनचा कळफलक 'की'चं 'कि' करून देतो, आणि पोरं तेवढंच धरून बसतात.

प्रत्येक निबंधाला १० गुण: पहिला मसुदा वेळेवर १, दुसऱ्यांना दिलेले शेरे २, मसुद्यांमधला बदल ४, अंतिम लेखन ३. बदल तपासायचा कसा? मुलाने वर पाच ओळींची नोंद लिहायची: काय बदललं, कोणता शेरा नाकारला आणि का. हिस्टरीतले रंगीत बदल त्या नोंदीशी ताडून बघायचे. शेरा नाकारण्याचं कारण पटणारं असेल तर पूर्ण गुण द्या. सगळं मुकाट्याने मान्य करणाऱ्यापेक्षा त्या मुलाने जास्त विचार केलेला असतो.

हिस्टरीत ४०० शब्द एकदम अवतरले म्हणजे चोरीच, असं समजू नका. नेट नसल्याने कोणी फोनच्या नोट्समध्ये लिहून चिकटवतं. अशा मुलांना फोनवरच्या डॉक्स ॲपमध्ये फाइल आधीच ऑफलाइन करून ठेवायला शिकवा. संगणकाच्या प्रयोगशाळेत आधीच्या मुलाने लॉगआउट केलेलं नसलं, तर लेखन त्याच्या नावावर चढतं. घराजवळच्या डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप करून आणलेला मजकूर चिकटवला की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. विंडोजमध्ये भाषांच्या सेटिंगमधून मराठी जोडली की इनस्क्रिप्ट कळफलक फुकटच मिळतो.

सत्रान्त परीक्षा हाताने लिहायची असेल, तर तिसऱ्या निबंधाचा पहिला मसुदा वर्गात कागदावर घ्या. ४० मिनिटं, एक पान. त्याचा फोटो डॉकमध्ये वरच लावायचा आणि खाली टाइप करताना दुरुस्त्या करायच्या. हिस्टरी तिथून पुढे चालू राहते.