कोण कुठे बसलंय, हे बाकाला कळलं कसं

शेवटच्या सेमिस्टरला फिजिकल कम्प्युटिंगचा, म्हणजे वस्तूंना सेन्सर आणि कोड जोडण्याचा, प्रोजेक्ट निवडताना वर्गात एकेकाच्या कल्पना भव्य होत्या. माझी आणि माझ्या पार्टनरची त्यातल्या त्यात साधी: एक लाकडी बाक. कुणी एकटं बसलं की पाठीतल्या पट्टीवर त्याच्यामागे उजेड हळूहळू वाढणार. दुसरं कुणी आलं की दोघांमागचे उजेड एकमेकांकडे सरकत जाऊन मध्ये मिळणार. स्क्रीन नको, बटण नको, 'इथे बसा' अशी पाटीही नको. गाईड मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान आहे. पण कोण कुठे बसलंय हे बाकाला कळणार कसं?" सेमिस्टरचा बहुतेक वेळ याच प्रश्नाने खाल्ला.

बोर्डाचा, म्हणजे सेन्सर वाचून दिवे चालवणाऱ्या छोट्या कम्प्युटरचा, प्रश्न नव्हता. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीत इव्रेआच्या इंटरॅक्शन डिझाइन संस्थेत जन्माला आला तोच इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांना डोळ्यासमोर ठेवून, म्हणजे आमच्यासारख्यांसाठीच. त्यातला उनो नावाचा बोर्ड घेतला आणि कामाला लागलो. सेन्सर म्हणून आधी एचसी-एसआर०४ लावला, कारण तो ड्रॉवरमध्ये पडून होता. (विद्यार्थ्यांच्या निम्म्या प्रोजेक्टांत सेन्सरची निवड अशीच होते.) हा ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. टेबलावर पुठ्ठ्यासमोर झकास चालतो. माणसासमोर त्याची तारांबळ उडते: जाड लोकरी कपडा आवाज पिऊन टाकतो, तिरकं बसलं की प्रतिध्वनी भलतीकडेच जातो, आणि शेजारी शेजारी लावलेले सेन्सर एकमेकांचे आवाज पकडतात. सीरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाचे आकडे दाखवणाऱ्या खिडकीत, अंतर ३४, ३५, ३४ आणि मध्येच शून्य.

मग वजनाकडे वळलो. डिजिटल वजनकाट्यात असतात तसले ५० किलोचे लोड सेल, बाकाच्या प्रत्येक टोकाखाली दोन. त्या दोघांचा मिळून एक व्हीटस्टन ब्रिज (रोधातला बारीक फरक व्होल्टेजमध्ये दाखवणारी जोडणी) आणि त्याला एक एचएक्स७११ ही चिप. लोड सेलवर भार आला की आतल्या स्ट्रेन गेजचा, म्हणजे ताण मोजणाऱ्या पट्टीचा, रोध किंचित बदलतो आणि ब्रिजमधून जेमतेम काही मिलिव्होल्टचा फरक बाहेर पडतो. उनोच्या १० बिटांच्या एडीसीची (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाची) एक पायरीच जवळपास ५ मिलिव्होल्टची, त्यामुळे त्याला यातलं फारसं काही दिसत नाही. एचएक्स७११ तोच सिग्नल वाढवून २४ बिटांत देतो. डावं आणि उजवं वजन हातात आलं की हिशेब सोपा: उजवं भागिले एकूण, म्हणजे भार बाकावर नेमका कुठे आहे ते.

पण हा हिशेब एकट्या माणसापुरताच. मी बरोबर मध्ये बसले की दोन्ही टोकांना सारखं वजन. दोन सारख्या वजनाची मुलं दोन टोकांना बसली तरी सारखंच. त्या दोघांचं मिळून वजन माझ्याएवढं भरलं, तर बाकाच्या लेखी ती आणि मी एकच! दोन आकड्यांतून 'किती जण' हे निघतच नाही, कोड कितीही घासूनपुसून लिहा. पार्टनर म्हणाली, मध्ये कॅमेरा लावू. मला ते पटेना. निवांत बसायच्या जागी कुणीतरी आपल्याला बघतंय असं वाटलं, तर त्या बाकावर बसायचं कशाला?

तोडगा सापडला तो लोकांकडे बघून. आम्ही व्हरांड्यातल्या साध्या बाकासमोर वही घेऊन ठाण मांडलं. दोन माणसं क्वचितच एका क्षणी बसतात. एक आधी टेकतो, दुसरा मागून. म्हणजे एकूण वजनाकडे बघायचंच नाही, त्यातल्या उडीकडे बघायचं. एकूण वजन एकदम वाढलं की कुणीतरी आलं, आणि त्या वाढीतला उजव्या टोकाचा वाटा किती यावरून नवा माणूस कुठे बसला हेही कळतं. आधीचा कुठे आहे ते आपण आधीच टिपून ठेवलेलं असतं. १५ किलोंखालची उडी आम्ही पिशवी धरली. अंग टाकून बसणाऱ्याचं वजन आधी फाजील दिसतं आणि मग खाली येतं; उठणारा आधी फळीवर हात दाबतो. म्हणून आकडे स्थिर होईपर्यंत निकाल द्यायचा नाही, असा नियम केला.

बाक बरोबर ओळखायला लागला, पण सेकंदाहून जास्त उशिरा. तोवर बसणारा फोन काढून मोकळा, मागे उजेड झाला याचा त्याला पत्ताच नाही. एचएक्स७११ बहुतेक तयार बोर्डांवर सेकंदाला १० वाचनं देतो आणि आम्ही वर दहा वाचनांची सरासरी काढत होतो. चिपला रेट नावाचा पाय असतो. तो ग्राउंडला (शून्य व्होल्टला) असला तर १० वाचनं, वीजपुरवठ्याला जोडला तर ८०. तो पंधरावा पाय आणि पुरवठ्याचा सोळावा, अगदी शेजारी. भिंगाखाली सोल्डर वितळवायचं, सुईच्या टोकाने पाय अलगद उचलायचा आणि केसाएवढ्या तारेने शेजाऱ्याला जोडायचा. पार्टनरने श्वास रोखून दोन्ही बोर्डांवर हे केलं. आकडे जरा जास्त नाचू लागले, पण चार वाचनांची सरासरी पुरली.

तरी 'स्थिर होईपर्यंत' थांबणं होतंच. तेव्हा उत्तराचे दोन भाग केले. वजन हललं की लगेच, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत, जवळच्या टोकाला मंद उजेड. किती जण, नेमके कुठे, हा निकाल सावकाश. आपली दखल घेतली गेली एवढं ताबडतोब कळलं की माणूस पुढचं थांबून बघतो. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त फरक या दोन-चार ओळींनी पडला असं माझं मत.

विजेचं थोडक्यात सांगते. पट्टीवरचा डब्ल्यूएस२८१२बी जातीचा एक एलईडी दिवा पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर खातो, म्हणजे ६० दिव्यांचे ३.६ अँपिअर. तेवढं उनोच्या पिनकडून मागायचं नसतं. वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा घ्या आणि ग्राउंड एक करा.

चाचणीत एक गोष्ट अनपेक्षित निघाली. मैत्रिणींना उजेड मध्ये मिळालेला आवडायचा. अनोळखी माणसं मात्र अवघडून बाजूला सरकायची. मग उजेड मध्ये थोडं अंतर राखून थांबवले, आणि दोघंही बराच वेळ बसून राहिले तरच ते मिळू दिले.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "बाळाला मांडीवर घेऊन कुणी बसलं तर?" बाक एकच माणूस धरतो, आम्ही सांगितलं. "आणि मग ते बाळ उतरून शेजारी बसलं?" एकूण वजन तेवढंच, भार मात्र सरकलेला, म्हणजे बाकाला वाटणार, आहे तेच माणूस जरा सरकून बसलं. रिपोर्टमध्ये मर्यादांच्या पानावर हे आधीच लिहिलेलं होतं. सरांनी ते पान उघडून वाचलं आणि दिव्यांच्या रंगांबद्दल विचारायला सुरुवात केली.