हलव्याला पाणी सुटलं तो दिवस

त्या वर्षी भोगीला सकाळी पडदा सरकवला तर बाहेर ढग भरून आलेले. पुण्यात जानेवारी म्हणजे कोरडी, बोचरी थंडी, आणि माझा सगळा धंदा त्या थंडीवर उभा आहे. मी हलव्याचे दागिने करते. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीचे आणि बाळांच्या बोरन्हाणाचे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी हवा दमट असणं म्हणजे काय, ते हे काम करणाऱ्यालाच कळेल.

सुरुवात माझ्या मुलीच्या बोरन्हाणापासून झाली. बाजारातून आणलेल्या सेटमध्ये पुठ्ठ्याच्या मुकुटावर हलवा डिंकाने चिकटवलेला होता, मधूनमधून प्लास्टिकचे मोती. वर्षाच्या आतलं मूल हातात आलेली वस्तू पहिल्यांदा तोंडात घालतं. तिनेही बाजूबंद थेट तोंडात नेला. मी तो लगेच काढून घेतला आणि पुढच्या संक्रांतीला शेजारच्या बाळासाठी स्वतः सेट केला: फक्त दोरा, जर आणि हलवा. बाळाच्या अंगावरचा दागिना बाळाने चाटला तर त्याच्या पोटात साखरच गेली पाहिजे, एवढंच तेव्हा ठरवलं होतं. आजही माझ्या कामाचा नियम तोच आहे. धाकट्याचा जन्म झाल्यावर नोकरीवर परत जाणं जमेना, तेव्हा याच कामाच्या ऑर्डरी घ्यायला लागले.

हे दागिने कसे होतात ते सांगायला हवं, नाहीतर त्या दिवशी काय घडलं ते कळणार नाही. हलव्याच्या पोटात तीळ, खसखस किंवा साबुदाणा असतो. साखरेचा पातळ पाक करायचा, त्यात थोडं दूध घालून वर येणारी मळी काढून टाकायची. मंद आचेवर परात ठेवून दाण्यांवर चमचा चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. पाक सुकला की पुढचा चमचा. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली की साखर पिवळी पडते. असं काही दिवस केलं की दाण्यावर काटा फुटतो. थंडी चांगली असेल तर काटा टोकदार येतो. बोटांची टोकं भाजून निबर होतात, त्याला इलाज नाही.

हा काटा नुसता दिसायला नसतो. हलव्याच्या दाण्याला सुईने भोक पाडायला गेलं तर तो फुटतो. म्हणून दोऱ्याची सैल फासगाठ करायची, तिच्यात दाणा धरायचा आणि गाठ ओढायची. दोरा काट्यांमध्ये अडकतो आणि दाणा जागेवर बसतो. मग पुढची गाठ. हार, बांगड्या, वाक्या, बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट, सगळं याच गाठीवर. सुनेसाठी तन्मणी, मंगळसूत्र, नथ आणि बिंदी, जावयासाठी हार आणि नारळ, बोरन्हाणाच्या कृष्णाला बासरी. काळ्या साडीवर हा पांढराशुभ्र काटेरी हलवा काय उठून दिसतो! सोन्याचे दागिने त्याच्यापुढे मला तरी फिके वाटतात.

तर त्या भोगीला काटाच विरघळत होता.

साखर हवेतलं पाणी ओढते. रात्री करून ठेवलेला कंबरपट्टा हातात घेतला तर बोटांना ओल लागली. गाठी सैल पडल्या होत्या, दाणे दोऱ्यावरून घसरत होते. दोन नवऱ्या मुलींचे सेट संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. त्यातला एक तर पूर्ण झालेला, नुसता खोक्यात भरायचा राहिलेला. मुलीला रात्रीपासून ताप, त्यामुळे ती बालवाडीत न जाता माझ्या शेजारी गोधडीत पडून. धाकटा झोळीत, झोळीची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला. सासूबाई स्वयंपाकघरात भोगीची भाजी आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या करत होत्या. रोजच्या कामासारखं काम असतं तर मी त्या दिवशी सुट्टी घेतली असती. पण संक्रांत पुढे ढकलता येत नाही.

अकराच्या सुमारास दार वाजलं. सत्तरीच्या पुढच्या एक आजी, नऊवारीतल्या. त्यांना पणतवाच्या बोरन्हाणासाठी सेट हवा होता. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालतं, त्यामुळे त्यांना घाई नव्हती, पण नमुना बघितल्याशिवाय ऑर्डर देणार नाही म्हणाल्या. मी नमुन्याची वाकी हातात दिली. त्यांनी चष्मा वर करून गाठी बघितल्या, मग वाकीतला एक दाणा सरळ दातांनी तोडला आणि चावला.

मी बघतच राहिले. आजी म्हणाल्या, "बाळासाठी करतेस ना? मग मी आधी खाऊन बघणार."

इतके दिवस लोकांनी माझ्याकडे रंग विचारले होते, डिझाइन विचारली होती, कमी किती करणार ते तर सगळ्यांनी विचारलं होतं. चव बघणाऱ्या या पहिल्याच. डोळे भरून आले माझे, खरंच.

मग त्यांची नजर सतरंजीवर पसरलेल्या कंबरपट्ट्याकडे गेली. "पाणी सुटलंय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "हो ना आजी, आता दोरे कापून पहिल्यापासून करायला घेणार आहे. डब्यात कोरडा हलवा आहे थोडा."

"कापू नकोस गं. ओल आहे तोवर गाठी ओढून घे. नंतर वाळव. सुकली की साखरच दोऱ्याला धरून ठेवील."

त्या खाली बसल्या. गुडघे दुखत असणार, बसताना भिंतीला धरलं होतं. एक टोक त्यांनी घेतलं, दुसरं मी. गाठ हलकेच ओढायची, जास्त जोर लावला की ओला दाणा दबतो. त्यांची बोटं माझ्यापेक्षा सावकाश चालत होती, पण एकही दाणा फुटला नाही. त्यांच्या लहानपणी केलेले दागिने चुलीच्या वरच्या फडताळात ठेवायचे, तिथली ऊब कायम असायची, असं त्यांनी सांगितलं. आमच्याकडे चूल कुठली! मग कपाटाचा एक कप्पा रिकामा केला, आत जुना पिवळा बल्ब असलेला टेबललॅम्प ठेवला आणि दार थोडं किलकिलं ठेवून दागिने कागदावर पसरले. मुलगी तापातही उठून बसली आणि डब्यातल्या हलव्याचे बारीक दाणे एका वाटीत, मोठे दुसऱ्या वाटीत निवडायला लागली. हे काम ती नेहमीच करते आणि ते तिला फार आवडतं. सासूबाईंनी आजींना आग्रहाने जेवायला बसवलं.

दुपारी चारला कप्पा उघडला. काट्यांची टोकं थोडी बोथट झाली होती, ती काही परत येणार नव्हती. पण गाठी पक्क्या बसल्या होत्या. कंबरपट्टा उभा धरून झटकला, एक दाणा हलला नाही. तन्मणीचे पुढचे दाणे तेवढे बदलले, कारण फोटोत तेच दिसतात. दोन्ही सेट वेळेत गेले. खोक्यात तळाशी तांदळाच्या छोट्या पुरचुंड्या ठेवल्या आणि घालायच्या वेळेपर्यंत झाकण उघडू नका, असं सांगून दिले.

आजींच्या पणतवाचा सेट मी पुढच्या आठवड्यात केला. बाळ दहा महिन्यांचं, म्हणून सगळा तिळाचा बारीक हलवा वापरला. साबुदाण्याचा मोठा, कडक दाणा एवढ्या लहान बाळाच्या घशात अडकू शकतो. त्याच कारणासाठी मी बाळांच्या सेटमध्ये अंगठी आणि कानातलं देत नाही, कोणी कितीही मागितलं तरी. गळ्यातला हार मागे बांधायचा नसतो, नुसता अडकवायचा, म्हणजे ओढला तर निघून येतो. फोटो झाले की सगळं उतरवा आणि डोक्यावरून ओतलेली बोरं, शेंगा, उसाचे करवे बाळाच्या हाती लागायच्या आत उचला, हे मी प्रत्येक आईला तोंडी सांगते. माझा धाकटा घरात रांगत असल्यामुळे मूल काय काय करू शकतं ते मला रोज दिसतं. माझी निम्मी डिझाइन त्याच्यामुळे ठरली आहेत.

पैशांचंही सांगते. आजींनी सांगितलेली किंमत पूर्ण दिली, एक रुपया कमी करायला सांगितला नाही. त्याच महिन्यात एका दुकानदाराने बरेच सेट मागितले होते, पण अर्ध्या किमतीत आणि डिंकाने चिकटवून. मी नाही म्हटलं. गाठीला वेळ लागतो आणि तो वेळ मुलं झोपल्यावरच मिळतो, त्याची किंमत मी पाडून घेणार नाही.

आता मार्गशीर्षातच परात चढवते, म्हणजे कोरड्या हवेतला हलवा घट्ट झाकणाच्या डब्यांत साठून राहतो. आमच्या इमारतीतल्या दोघी जणी, दोघींचीही मुलं लहान, यंदा माझ्याबरोबर बसणार आहेत. त्यांना पहिल्यांदा फासगाठ शिकवली, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम हलव्यावर वाफ धरून ओल्या हलव्याची गाठ कशी ओढायची तेही करून घेतलं. एकीचा हात अजून जोरात पडतो. थंडी पडेपर्यंत जमेल तिला.