तुम्ही विचारलंत म्हणून: सही करू, की स्वतःचं लेबल काढू?

"दादा, म्युझिक कंपनीचं अ‍ॅग्रीमेंट आलंय. सही करू, की स्वतःचं लेबल काढू?" रॅप करणारी मुलं मला हे सारखं विचारतात. लेबल म्हणजे गाणी काढून विकणारी कंपनी. त्यांच्यातल्या काहींचे हिशेब मी बघतो, टीडीएसपासून शोच्या थकलेल्या मानधनापर्यंत, त्यामुळे प्रश्न माझ्याकडेच येतो. फोनवर अर्धवट सांगून समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

लेबल जरूर काढा, पण एकट्यानं काढू नका, हे माझं उत्तर. आपल्याकडच्या रॅपर्सनी काढलेली लेबलं, डिव्हाइनची गली गँग आणि एमीवेचं बंटाई रेकॉर्ड्स, सगळ्यांच्या तोंडी असतात. मी मात्र टेक नाइन या अमेरिकन रॅपरबद्दल सांगतो, कारण गाणारा माणूस मालक कसा झाला ते त्याच्या बाबतीत पायरी-पायरीनं दिसतं.

त्याचं खरं नाव अ‍ॅरन येट्स, जन्म 1971 चा, गाव कॅन्सस सिटी. रॅपचा पैसा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसला, आणि हे गाव देशाच्या मधोमध. जीभ इतकी वेगात चालायची की भराभर गोळ्या सुटणाऱ्या एका बंदुकीवरून त्याला हे नाव पडलं. नव्वदच्या दशकात क्विन्सी जोन्सच्या क्वेस्ट रेकॉर्ड्सशी त्याचा करार झाला. एवढ्या मोठ्या संगीतकाराची कंपनी, तरी तिथून त्याचा अल्बम काही बाहेर आला नाही. सही झाली म्हणजे गाणं निघालंच, असं समजणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं.

1999 मध्ये त्यानं ट्रॅव्हिस ओग्विनबरोबर स्ट्रेंज म्युझिक काढली. ओग्विन संगीतातला नव्हता, फर्निचर दुरुस्तीच्या धंद्यातला होता. मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. माल कुठून येतो, गाडीभाडं किती, कामगाराचा पगार कधी द्यायचा, हे त्याच्या रोजच्या व्यवहारातलं. 2001 चा पहिला अल्बम त्यांनी दुसऱ्या कंपनीच्या साथीनं काढला आणि तिच्याशी बिनसलं. 2002 च्या अल्बमपासून ते आपल्या वाटेनं गेले.

रेडिओवर गाणी फारशी वाजत नव्हती, म्हणून त्यांनी गावोगाव शो केले. 2012 मध्ये तर 99 दिवसांत 90 शो. टी-शर्ट स्वतः छापायचे, कॅन्सस सिटीजवळच्या लीज समिटमध्ये ऑफिस आणि स्टुडिओ उभा केला. शो संपला की टेबलावर टी-शर्ट विकला जायचा आणि तो पैसा पुढच्या दौऱ्याला लागायचा. 2011 मध्ये त्याचा अल्बम बिलबोर्ड 200 या अमेरिकेतल्या सगळ्यात चालणाऱ्या अल्बमच्या यादीत थेट चौथ्या क्रमांकावर आला. तेव्हा तो 39 वर्षांचा होता. तेविसाव्या वर्षी 'माझं वय निघून चाललंय' म्हणणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो.

आपल्याकडे याच्या उलट, म्हणजे कलाकार एकटाच मालक उरला की काय होतं, ते बघायला फार लांब जायला नको. 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, तेव्हा मालक तिघं होते: बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. टेंबे गेले, पुढे बोडसही गेले. मंडळी एकट्या बालगंधर्वांची झाली आणि कर्ज डोक्यावर बसलं. भरजरी शालू, अत्तरं, देखावे, कशातच हात आखडता घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या कलेवर महाराष्ट्रानं जीव ओवाळला, आणि कर्ज त्यांनी गाऊनच फेडलं. पण त्यांना ज्या वयात मोकळेपणानं गायचं होतं, त्या वयात गाण्यावर हप्त्यांचं ओझं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता अ‍ॅग्रीमेंटकडे येऊ. समजा कंपनी 3 लाख अ‍ॅडव्हान्स देते आणि गाण्याच्या कमाईत तुमचा वाटा 20 टक्के ठरतो. व्हिडिओला 4 लाख लागले, तेही तुमच्याच नावावर लिहिले जातात. म्हणजे 7 लाखांची उचल, आणि ती वसूल होणार तुमच्या 20 टक्क्यांतून. कंपनीला 35 लाख मिळेपर्यंत तुमच्या हातात पुढचा रुपया पडत नाही. 7 लाख फिटले तरी मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कंपनीचंच राहतं. आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगचा हक्क 60 वर्षं चालतो. म्हणून वाटा किती यापेक्षा मास्टर कोणाकडे आणि किती वर्षं, हे कलम आधी वाचा.

एक चांगली बाजूही आहे. शब्द तुमचे असतील तर 2012 च्या कायदादुरुस्तीनं गीतकार म्हणून रॉयल्टीतला तुमचा वाटा राखला आहे; तो कंपनीला लिहून देता येत नाही. त्यासाठी आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं नोंदवा. इतकी मुलं हे करत नाहीत की चीड येते.

लेबल काढलं तर खुर्चीची बाजू बदलते, हेही ध्यानात घ्या. उद्या दोस्ताचं गाणं तुमच्या लेबलवर आलं की उचल देणारे तुम्ही. टेक नाइनच्या बरोबर वर्षानुवर्षं स्टेजवर उभा राहिलेला क्रिझ कॅलिकोसुद्धा 2020 मध्ये बाहेर पडला आणि त्यानं स्वतःची कंपनी काढली. जिवाभावाची माणसंही एक दिवस आपला मार्ग धरतात, तेव्हा कागद नीट असला तर मैत्री टिकते.

माझ्याकडे येणारी सगळ्यात जास्त भांडणं बीटची, म्हणजे रॅपखाली वाजणाऱ्या तयार संगीताची, असतात. हजार-दोन हजारात बीट ऑनलाइन लीजवर घेतात. तीच बीट आणखी पन्नास जणांकडे असते आणि लायसन्समध्ये लिहिलेलं असतं की अमुक इतक्या स्ट्रीमनंतर ते चालणार नाही. गाणं चालायला लागतं तेव्हाच यूट्यूबवर क्लेम, म्हणजे दुसऱ्याचा हक्काचा दावा, येतो. मग विचारतात, "दादा, गाणं माझं, तर पैसे दुसऱ्याला कसे?" कारण तीच बीट वापरून कुणीतरी आधी नोंद केलेली असते. गाणं बाहेर जायच्या आधी बीटवाल्याशी वाटा ठरवून एका पानावर दोघांच्या सह्या घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'ठीक आहे भाई'वर विसंबू नका.

आणि 'सही की लेबल' असं दोन्हींतलं एकच निवडायचं नसतं. स्ट्रेंज म्युझिकचं वितरण बरीच वर्षं युनिव्हर्सलची फोंटाना ही कंपनी करत होती. दुकानात माल पोचवायला मोठ्यांचं जाळं घेतलं, मालकी घरात ठेवली. तुम्हाला आलेला कागद असा असेल, म्हणजे वितरणापुरता, ठरावीक वर्षांचा, मास्टर परत येतील असं लिहिलेला, तर वकिलाला दाखवून खुशाल सही करा. 'कायमस्वरूपी' हा शब्द दिसला तर थांबा आणि सही करायच्या आधी मला फोन करा. येताना हिशेब ठेवू शकेल असा एक माणूसही बरोबर आणा: बहीण असेल, बँकेतला मित्र असेल, दुकान चालवणारा काका असेल. रॅप आवडत नसला तरी चालेल.