पुन्हा तोच कोड

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे काम झाले म्हणून मी जी गाडी परत दिली होती, ती नवव्या दिवशी वर्कशॉपच्या दारात आली, तीही एकाच गिअरमध्ये अडकून. स्कॅनरवर बिघाडाचा कोड तोच होता, पी०७२२, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा वेग मोजणाऱ्या आउटपुट स्पीड सेन्सरकडून सिग्नल नाही. हा सिग्नल गेला की इनपुट आणि आउटपुट वेगांचे गुणोत्तर कंट्रोलरला, म्हणजे गिअरबॉक्स चालवणाऱ्या संगणकाला, काढता येत नाही आणि तो गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे एकाच गिअरच्या बचावात्मक अवस्थेत, टाकतो.

पहिल्या वेळचे निदान सरळ होते. दोन तारांच्या त्या चुंबकीय सेन्सरच्या टोकावर लोखंडी कणांचा काळा लगदा साचला होता, आणि त्यामुळे ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर, दिसणारी लहर कमी वेगात जवळजवळ सपाट होत होती. टोक साफ करून, तेल बदलून मी गाडी सोडली होती. आता मात्र मालक म्हणाले, "सेन्सरच बदलून टाका," आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच होते.

तरीही गाडी लिफ्टवर घेऊन, चाके फिरती ठेवून, मी कंट्रोलरच्या बाजूने लहर पाहिली. ती भरघोस होती, वेगाबरोबर दाट आणि उंच होत होती, आणि मध्येच एकदम तुटून सरळ रेष होत होती. दुबळा सेन्सर असा वागत नाही, त्याची लहर सर्वच वेगांना खुजी दिसते; असे तुटणे सुटणाऱ्या जोडाचे लक्षण. सेन्सरच्या कनेक्टरजवळची वायर हलकेच ओढली की रेष सपाट होई, सोडली की लहर परत येई. गाडी स्थिर असताना मल्टिमीटर मात्र रोध अगदी योग्य दाखवत होता.

कनेक्टर काढून सेन्सरच्या पिनेच्या मापाची सुटी पिन मी त्याच्या दोन्ही टर्मिनलांत, म्हणजे पिन धरणाऱ्या धातूच्या खोबणींत, आळीपाळीने घालून पाहिली. एकात ती घट्ट बसली; दुसऱ्यातून, कनेक्टर उलटा करताच, आपोआप खाली पडली. टर्मिनलची पाती फाकली होती. तेव्हा आठवले, की पहिल्या तपासणीत घाईघाईने मीटरचा जाड प्रोब याच छिद्रात मीच समोरून दाबला होता. मागच्या बाजूने बारीक पिन घालण्याचे कष्ट घेतले नव्हते.

टर्मिनल बदलल्यावर वायर कितीही ओढली तरी लहर तुटली नाही. जॉबकार्डवर बिघाडाच्या कारणापुढे मी "तपासणी करताना टर्मिनल सैल झाले" असे लिहिले आणि खाली स्वतःची सही केली.