घड्याळ टेबलावर ठेवून वाचलेल्या कथा

आमच्या मंडळाचं वार्षिक कथावाचन म्हणजे दोन दिवसांचा मुक्काम. मोजकी माणसं, एक लांबट खोली, गोलाकार मांडलेल्या खुर्च्या आणि मधल्या टेबलावर सरांचं मनगटी घड्याळ, पट्टा पसरून ठेवलेलं. सर मंडळाचे सगळ्यांत जुने सभासद. नियम त्यांनीच घातलेले. कथा त्याच वर्षी लिहिलेली हवी. वाचण्याआधी प्रस्तावना नाही, 'ही कथा मला अशी सुचली' वगैरे काही नाही. वाचन चालू असताना मध्ये बोलायचं नाही, उठून जायचं नाही. वाचून झालं की लेखकाने गप्प बसायचं. चर्चा बाकीच्यांनी करायची आणि तीही कथेतल्या एखाद्या वाक्यापासून. 'विषय चांगला आहे' असं म्हणायला सक्त मनाई. सर म्हणायचे, "चांगले विषय वर्तमानपत्रातही असतात. मला वाक्य सांगा."

किती सुंदर दिवस असायचे ते! वर्षभर एकेकट्याने लिहिणारी माणसं एकत्र आली की पहिला तासभर नुसता कलकलाट. मग सर घड्याळ काढून टेबलावर ठेवत आणि खोली शांत होई. रात्री गाद्या घातल्या तरी चर्चा संपत नसे. एका कथेतली आजी शेवटी दार उघडते की नाही, यावर पहाटेपर्यंत वाद घातल्याचं मला आठवतं. लेखिका बिचारी नियमाप्रमाणे तोंड मिटून पडलेली.

पहिली कथा वाचण्याआधी 'स्मरण' असायचं. वाईट काळात लिहीत राहिलेल्या एखाद्या लेखकाविषयी कुणीतरी दहा मिनिटं बोलायचं. माझ्या वाट्याला पहिल्यांदा वासिली ग्रोसमन आला. स्टालिनग्राडच्या लढाईत वार्ताहर म्हणून राहिलेला हा माणूस. तिथल्या अनुभवातून त्याने प्रचंड कादंबरी लिहिली, 'लाइफ अँड फेट'. १९६१ साली सोव्हिएत गुप्त पोलीस घरी आले आणि हस्तलिखितच काय, कार्बन पेपर आणि टाइपरायटरच्या रिबिनीसुद्धा घेऊन गेले. माणसाला अटक नाही, कादंबरीला अटक. ग्रोसमन १९६४ साली गेला. मित्राने जपून ठेवलेल्या प्रतीवरून ती कादंबरी १९८० साली स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली. हे सांगताना रिबिनींपाशी माझा आवाज अडकला होता. कथेला घाबरून शाईची फीत जप्त करणारं सरकार मी त्याआधी कधी डोळ्यांसमोर आणलंच नव्हतं.

दुसऱ्या एका वर्षी ताईंनी कऱ्हाडचं साहित्य संमेलन सांगितलं. १९७५ साल, आणीबाणी लागू झालेली, अध्यक्षपदी दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्याच मांडवात दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला सांगितली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. ताई म्हणाल्या, "संमेलनं अशासाठीही असतात." त्या दहा मिनिटांनी आम्हा सगळ्यांची मान ताठ झाली होती.

हे सगळं ऐकायला छान वाटतं, तोवर आपल्यावर वेळ आलेली नसते.

मग ते वर्ष आलं. राजकारण घराघरात शिरलं होतं. मंडळातली माणसंही दोन बाजूंना विभागली गेली. वर्षानुवर्षं एकमेकांच्या कथा पहिल्यांदा वाचणारे दोघे मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. वाचनासाठी घेतलेल्या खोलीच्या व्यवस्थापकांनी सगळ्या कथा आधी पाहायला मागितल्या. काही भानगड नको, म्हणाले. सरांनी आगाऊ दिलेले पैसे सोडून दिले आणि वाचन आपल्या घरी हलवलं. घर लहान. खुर्च्या दाटीवाटीने मांडलेल्या, त्यामुळे जे बोलत नव्हते त्यांचेही गुडघे एकमेकांना लागत होते.

पहिल्याच सकाळी वृत्तपत्रात काम करणारी आमची एक मैत्रीण म्हणाली, "मी यंदा कथा आणलेली नाही. यापुढे लिहिणारही नाही. बाहेर हे असं चाललेलं असताना मी कल्पनेतल्या माणसांची दुःखं रचत बसू? मला लाज वाटते." तिच्या आवाजात थकवा होता. रोज रात्री ज्या बातम्या ती हाताखालून काढायची, त्यांतली निम्मी तिला झोपू देत नसेल. कुणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, हाच प्रश्न मीही कित्येक महिने मनात घोळवत होते.

सरांनी वाद घातला नाही. त्या दिवशी स्मरण त्यांच्याकडेच होतं आणि ते इरेन नेमिरोव्स्कीविषयी बोलले. जन्माने ज्यू, फ्रान्समध्ये राहणारी ही कादंबरीकार. १९४० साली जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या, माणसं घरं सोडून पळत सुटली. तेच ती लिहू लागली. कागदाची टंचाई, म्हणून अक्षर मुंगीएवढं. जुलै १९४२ मध्ये तिला पकडून नेलं आणि ऑगस्टमध्ये ऑशविट्झला तिचा अंत झाला. वही मुलींबरोबर एका सुटकेसमधून लपत-छपत फिरली. आईची डायरी असेल आणि वाचवणार नाही, म्हणून त्यांनी ती कित्येक दशकं उघडलीच नाही. २००४ साली 'स्वीत फ्रान्सेझ' प्रसिद्ध झाली. एवढं सांगून सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "त्या कादंबरीत एक जर्मन अधिकारी आहे. पियानो वाजवतो, संगीत रचतो. ज्या सैन्याच्या राज्यात तिचा जीव जाणार होता, त्यातला एक माणूस तिने माणूस म्हणून लिहिला. बातमीत हे मावलं नसतं. मोर्च्यातही नाही. हे कथेचंच काम होतं."

नंतरची कथा मंडळातल्या सगळ्यांत तरुण मुलाची. भिंतींवर निवडणुकीच्या घोषणा रंगवणाऱ्या एका पेंटरची. तो दोन्ही पक्षांसाठी काम करतो, कारण काम तेवढंच आहे. काल रंगवलेल्या घोषणेवर आज चुना मारतो आणि दुसऱ्या पक्षाची घोषणा लिहितो. कथेत एक बारकावा होता. चुन्याचा हात ओला असतो तोवर खालची अक्षरं स्पष्ट दिसत राहतात. वाळत जातो तशी ती बुडत जातात. तेवढ्या वेळात पेंटर बिडी ओढत भिंतीसमोर बसतो आणि मिटत चाललेली स्वतःचीच अक्षरं न्याहाळतो. 'र'चा फाटा आज बरा जमला होता, असं मनाशी म्हणतो. घोषणा काय होती, हे कथेत कुठेच येत नाही.

वाचन संपलं. एरवी लगेच बोलायला सरसावणारी माणसं गप्प होती. मग त्या अबोला धरलेल्या दोघांपैकी एकाने विचारलं, "चुन्याने त्याच्या हातांना भेगा पडत असतील ना? बिडी धरताना चुरचुरत असेल." दुसरा म्हणाला, "हो, आणि तो भेगांत तेल भरत असेल. ते यायला हवं होतं." वर्षभरात ते एकमेकांशी बोललेले हे पहिले शब्द असावेत. ते समेट करून बसले नाहीत. त्यांची मतं आजही तशीच आहेत, आणि ती वेगळी असण्याला माझी हरकतही नाही. पण भेगा पडलेल्या त्या हातांची काळजी दोघांनाही सारखीच वाटली. तो पेंटर खरा नव्हता आणि तरी आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दाटीवाटीच्या खोलीत सापडायला लागलं. वादात आपण समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. कथा मात्र शेवटपर्यंत ऐकावी लागते, आणि तेवढा वेळ दुसऱ्याच्या अंगात राहावं लागतं. राजकारण पेटलेलं असतं तेव्हा माणसाची आधी बाजू होते, मग नुसता आकडा होतो. त्याला पुन्हा हात, भेगा, आवड, भीती बहाल करणं हे काम कुणीतरी करायलाच हवं. मोर्चात जाणारे जातील, बातमी लिहिणारे लिहितील. ती कामं कथेहून हलकी नाहीत आणि कथेने ती करायलाही जाऊ नये. ज्या कथांमध्ये एका बाजूची सगळी माणसं दुष्ट आणि दुसरीकडची सगळी निर्मळ होती, त्या मोठ्याने वाचताना खोलीत किती निर्जीव वाटायच्या, हे मी दरवर्षी पाहिलं आहे. त्यांतल्या बऱ्याच कथा मला पटणाऱ्या बाजूच्या होत्या, तरीही.

माणसांसमोर मोठ्याने वाचणं, यालाही मी फार मोल देते. केनियाच्या न्गुगी वा थिओंगो यांना १९७७च्या अखेरीस एका नाटकापायी तुरुंगात टाकलं. तिथे शौचालयाच्या कागदावर त्यांनी आपल्या गिकुयु भाषेत कादंबरी लिहिली. ती १९८० साली छापून आली तेव्हा लोकांनी ती जमून ऐकली. घराघरात एकजण वाचायचा आणि वाचता न येणारेही भोवती बसून ऐकायचे. हे आमच्याकडे स्मरणात आलं, तेव्हा सरांनी घड्याळाकडे न पाहता ते दहा मिनिटांपुढे जाऊ दिलं. असं मी त्यांना एकदाच करताना पाहिलं.

ती पत्रकार मैत्रीण त्या दुसऱ्या रात्री सरांच्या स्वयंपाकघरात दिवा लावून लिहीत बसली होती. पुढच्या वर्षी तिने जी कथा वाचली, तिच्यात रात्रपाळीचा एक उपसंपादक मृतांच्या यादीतल्या एका नावाचं शुद्धलेखन तपासण्यासाठी त्या घरी फोन करतो, एवढंच घडत होतं. फोन मुलगी उचलते. बराच वेळ दोघं वेलांटीविषयी बोलतात. त्या वर्षी चर्चा सुरू व्हायलाच खूप वेळ लागला होता.

आता सर नाहीत. मंडळ आहे, नवी मुलं आली आहेत आणि काळ काही फारसा निवळलेला नाही. यंदाच्या वाचनासाठी मी एका कारकुनाची कथा लिहिते आहे. माणसांची नावं यादीतून वगळण्याच्या कागदावर त्याला सही करायची आहे. मला त्याचा राग येतो, म्हणून दोनदा त्याला मी लबाड करून टाकलं आणि दोन्ही वेळा कथा थांबली. सध्या तो बसस्टॉपवर उभा आहे, पेन खिशात गळून शर्टावर डाग पडला आहे आणि घरी गेल्यावर बायकोला काय सांगायचं, हे तो ठरवतो आहे. ते मलाही अजून ठरवता आलेलं नाही. वाचनाला महिना उरला आहे.